पूर्ववत

वसाहतीच्या कार्यालयाला भिंत दिसते, भिंतीआडचा माणूस दिसत नाही. म्हणूनच पाहणीला आलेले नवे साहेब दारातच थबकले आणि म्हणाले, हे घर आहे की सर्कशीचा तंबू?

दिसायला तसंच होतं म्हणा. दाराच्या चौकटीभोवती लालभडक पट्टा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर काळे-पिवळे तिरपे पट्टे. पॅसेजची भिंत कमरेच्या उंचीवर खरखरीत, पुट्टीत वाळू कालवून थापलेली. पुढे त्याच उंचीवर कंगवा फिरवून काढलेल्या लाटा, आणि गॅसच्या अलीकडे हातभर गोणपाट चिकटवलेलं.

बाई कोपऱ्यात उभी होती. तिला स्वतःला हा लाल रंग डोळ्यांसमोर नको होता. लग्न झाल्यापासून तिच्या मनात फिकट निळी खोली होती, पांढऱ्या पडद्यांची. पण गेलं वर्षभर ती दुकानात जाऊन सगळ्यांत भडक डबा मागत होती. शेजारणींचे टोमणे गिळत होती. भिंती अशाच राहू द्या म्हणून नवऱ्याच्या नकळत तिने कार्यालयात तीन अर्ज दिले. तिन्हींवर एकच उत्तर आलं : अर्ज मिळाला.

"साहेब, अर्ज वाचलात का?"

अर्जाचं नंतर बघू, म्हणत साहेबांनी भिंतीवर तळवा फिरवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. असलं गबाळं काम कुणी केलं, त्यांनी विचारलं.

"मी," खिडकीशी बसलेला नवरा म्हणाला. तो उठलाही नाही.

साहेब हसले. त्यांच्या कागदावर एवढंच होतं : वीस वर्षं वसाहतीचा रंगारी, प्रकृतीमुळे निवृत्त. तुमची रेघ म्हणे सुतात असायची, ते म्हणाले, आता हात हलतो की डोकं?

बाईने बोलायला श्वास घेतला. तो ऐकूनच नवऱ्याने हात वर केला. आपलं दुखणं कुणापुढे मांडायचं नाही, ही त्याची ताकीद. दर वेळी हेच.

साहेबांनी नोटीस लिहिली आणि मोठ्याने वाचली. सात दिवसांत सर्व भिंती पूर्ववत पांढऱ्या कराव्यात, अन्यथा घर रिकामं करावं. घर बाईच्या नोकरीवरचं होतं, पण सही त्यांना कर्त्या पुरुषाची हवी होती. त्यांनी कागद नवऱ्यापुढे धरला.

कागद हवेतच राहिला.

नवरा उठला. भिंतीला बोटं लावून चालू लागला, वाळूवरून लाटांपर्यंत, आणि साहेबांच्या आवाजाच्या रोखाने वळला. बोलताना त्याचं तोंड साहेबांच्या खांद्याकडे होतं.

"तुमच्याच पांढऱ्यासाठी चुना पाण्यात विरवत होतो. पिंप उसळलं. डोळ्यांवर लावायला चष्मा द्या म्हणून त्याच्या वर्षभर आधी लिहून दिलं होतं. अर्ज मिळाला, असं उत्तर आलं. डावा डोळा गेला. उजव्याला लाल-पिवळं तेवढं कळतं. बाकी घर मी हाताने बघतो."

साहेब नोटीस हळूच घडी करू लागले. कागदाचा आवाज झाला.

"घडी घालू नका साहेब. पूर्ववत करायचंय ना, करा. फक्त सुरुवात कुठून करताय तेवढं सांगा, भिंतीपासून की डोळ्यांपासून?"