उशिराचा टोला

टोला चुकला. वाद्यवृंदाच्या संचालकांचा हात खाली आला, मागे पडद्यावर कप्तानाने बटण दाबलं, आणि काकांच्या हातातला दांडा वर उचललेलाच राहिला. अख्खं सभागृह चिडीचूप. मग कधीतरी तो दांडा पडला, माणसाएवढी काशाची थाळी घुमली, आणि पुढच्या रांगांतून नाकं ओढल्याचे आवाज आले.

वाद्यवृंदात त्यांना सगळे टोलेकाका म्हणत. चित्रपट पडद्यावर चालायचा आणि त्याचं संगीत साठ जण खाली बसून प्रत्यक्ष वाजवायचे. अंतराळयानाच्या या चित्रपटात काकांच्या वाट्याला एकच टोला होता. व्हायोलिनवाल्यांचे हात भरून यायचे आणि काका दोन तास हाताची घडी घालून बसायचे. "अशी नोकरी सात जन्म मिळो," असं ट्रंपेटवाला दर प्रयोगाला म्हणायचा. आज त्याने काकांचा दांडा आधीच पुसून ठेवला होता.

पण तो एक टोला असा होता की लोक त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा यायचे. कप्तानाच्या आजारी बायकोचं श्वासयंत्र शेवटी त्यालाच बंद करावं लागतं. बटण, आणि टोला. मध्ये काही नाही.

दुपारचा प्रयोग संपला. पुढचा सहाला होता. काका कागदी कपात चहा घेऊन मागच्या दारात उभे राहिले, तर तिथे एक जोडपं सह्या घ्यायला थांबलेलं.

"काका, तो टोला तुमचाच ना?" बाईने विचारलं. तिच्या चंदेरी जॅकेटवर यानाचं चिन्ह हाताने शिवलेलं होतं. "काय वाजवलंत हो! अंगावर काटा आला."

"कसला काटा? चुकला तो," तिचा नवरा म्हणाला. "एकोणतीस वेळा पाहिलाय मी हा चित्रपट. बटणाबरोबर टोला. काका, राग मानू नका, पण चुकलात."

"याला रडूसुद्धा घड्याळ लावून येतं."

"मी कशाला रडू? दुसऱ्या भागात उठून बसते ना ती! पहिल्या भागाची पार माती केली त्यांनी."

"बसली उठून, तर तुझं काय गेलं?"

"अगं, मग त्याने ते बटण दाबलं त्याला अर्थ काय राहिला?"

हे भांडण त्यांचं आजचं नव्हतं. भांडता भांडता ती नवऱ्याची दुमडलेली कॉलर सरळ करत होती आणि तोही मान वाकवून ती करू देत होता. मग एकदम काकांकडे वळून ती म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा याला. ती परत यायला हवी होती की नाही?"

काकांनी विचार केला. खरोखरच केला. मग म्हणाले, "आमची पाठ असते हो पडद्याकडे."

दोघं हसली. काकांनी सही दिली आणि ते आत आले.

बायको जाऊन अठरा दिवस झाले होते. डॉक्टरांनी कागद पुढे केला, मुलीने बोट ठेवून जागा दाखवली, काकांनी सही केली, आणि नर्सने यंत्र बंद केलं. त्या दिवसापासून काकांना काही वाटतच नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, आणि त्याचीच काय ती थोडी लाज वाटायची. मघाशी दांडा हातात धरून आपण कशाची वाट पाहत होतो, तेही त्यांना कळलं नव्हतं. कळत होतं ते इतकंच, की सहाला पुन्हा ते बटण येणार आणि हात पुन्हा उठून तिथेच राहणार. कुणीतरी कान उपटावेत आणि घरी पाठवावं, म्हणून ते संचालकांच्या खोलीकडे गेले.

संचालक बाहेरून आलेले, कालच. नव्या माणसाला कोण काय सांगणार? ते मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

"साहेब, चुकलं माझं. संध्याकाळी दुसऱ्या कुणाला तरी उभं करा."

"काय बोलताय काका! हे बघा." संचालकांनी मोबाइल पुढे केला. "निम्मे लोक शिव्या घालताहेत, निम्म्यांनी डोक्यावर घेतलंय. सहालाही मला असाच पाहिजे."

"असाच म्हणजे?"

"असाच उशिरा. फक्त मोजून. मी बटणाला हात खाली आणीन, पुढचं तुमचं तुम्ही. किती थांबला होतात?"

"मोजलं नव्हतं."

"अंदाजे? दोन? तीन?"

काकांनी डोळे मिटले. खोलीतला पंखा फिरत होता.

"चार," ते म्हणाले. "यंत्र बंद केल्यावर चार श्वास घेतले तिने. मग थांबली."

"असं आहे का चित्रपटात?" संचालकांनी भुवया उंचावल्या. "एवढ्या गावांत हा वाजवलाय मी, माझ्या कधी लक्षातच नाही आलं. कमाल आहे तुमची." त्यांनी कानामागची पेन्सिल काढून दिली. "लिहून ठेवा, काका. घाईत विसराल."

काकांनी आपला स्वरलिपीचा कागद टेबलावर पसरला आणि टोल्याच्या खुणेआधी चार उभ्या रेघा ओढल्या. शेवटची जरा लहान आली.