टाचणीवरची माशी

किड्यांच्या ग्रुपवर प्राध्यापकांचा दरारा असा, की माशीचा फोटो टाकताना लोक आधीच माफी मागून मोकळे होत. अळीच्या अंगावर अंडी घालणाऱ्या परजीवी माशा नुसत्या फोटोवरून ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. निदान त्यांचं स्वतःचं तरी तसंच मत होतं.

आज एका बाईंनी टाचणीला टोचलेल्या माशीचा फोटो टाकला. "सर, हिला परजीवी म्हणतात, पण मला शंका येतेय."

"शंका कसली? शेंबडं पोरही सांगेल," प्राध्यापकांनी लिहिलं. "पोटाच्या टोकाला राठ केस नाहीत, पाठीमागे फुगवटा नाही. ही घरातली साधी माशी. हिला परजीवी म्हणणाऱ्या गाढवाला आधी चष्मा द्या!"

पटापट पन्नास अंगठे उमटले. प्राध्यापकांनी मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात बाईंचं उत्तर आलं. "आभारी आहे, सर. मी संग्रहालयातली कपाटं पुसते. तुमच्या डॉक्टरेटच्या नमुन्यांच्या खणातली माशी आहे ही. खालच्या चिठ्ठीवर 'परजीवी, नवी जात' लिहून तुम्हीच सही केलीय.



चष्मा कुठल्या पत्त्यावर पाठवू?"