तिसऱ्या डॉक्टरचं उत्तर

जिना चढताना वच्छलाला धाप लागली, तसा रामकिसननं तिला खांद्याचा आधार दिला. वर रांगेत बसलेल्या दगडाबाईनं ते पाहिलं.

"नवरा असावा तर असा," ती शेजारणीला म्हणाली. "आमच्यानं कधी पाण्याचा पेला दिला नाय."

क्रांती चौकातल्या त्या दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टरांचीही वाटणी होती. रामकिसनला वाटलं होतं, मुठीएवढं काळीज, त्याला एक डॉक्टर पुष्कळ झाला.

पहिल्या डॉक्टरांनी छातीची सोनोग्राफी केली. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यानं हृदयाची झडप आवळली, म्हणाले. त्यांचं काम तपासण्याचं आणि गोळ्या देण्याचं. पण नुसत्या गोळ्यांनी हे भागणार नव्हतं.

"तू बाहेर बस जरा," रामकिसन बायकोला म्हणाला. ती गेल्यावर हळूच बोलला, "भित्री हाय साहेब, उगं धसका घेईल. काहीच नाय केलं तर किती दिवस काढंल?"

"तसं सांगता येत नाही," म्हणत त्यांनी दुसऱ्यांच्या नावानं चिठ्ठी दिली.

दुसरे डॉक्टर मांडीच्या शिरेतून तार घालून, फुगा फुगवून झडप मोकळी करणारे. वच्छलाची झडप मात्र पार कडक झाली होती, तिथं फुगा चालणार नव्हता. रामकिसननं त्यांनाही तेच विचारलं.

"वर्ष, दोन वर्षं. नेमकं सर्जन सांगतील."

शेतात कांदा काढणीला आला होता. तरी आठवड्यानं रामकिसन तिला घेऊन गावाहून, लासूर स्टेशनहून, पुन्हा आला. बायकोसाठी एवढं कोण करतो?

तिसरे छाती उघडून ऑपरेशन करणारे. वच्छलाला बाहेर बसवूनच तो आत गेला.

"सरकारी योजनेत फुकट होईल," सर्जन म्हणाले. "नवी झडप बसवू. पुढं वीस वर्षं ही बाई तुमचा संसार करील."

"अन् नाय केलं तर?"

सर्जन चिडले. "नाही केलं तर या दिवाळीला ती नसेल. ऐकलंत?"

रामकिसन हात जोडून "घरी विचारून कळवतो" म्हणाला आणि उठला.

"काय म्हणले वो?" वच्छलानं विचारलं.

"गोळ्या दिल्यात. चिरफाडीची गरज नाय."

आजारी माणसाशी खोटं बोलावं लागतं. आपल्याकडे त्यालाच माया म्हणतात.

वच्छलाचा जीव भांड्यात पडला. बारा वर्षांत तिला मूल झालं नव्हतं, पण नवरा कधी टाकून बोलला नाही, याचं तिला फार अप्रूप होतं. "माझ्यापायी लई पळापळ झाली तुमची," म्हणताना तिचे डोळे भरले.

रामकिसननं तिला सावलीत बसवलं, उसाचा रस आणून दिला आणि रस्त्यापलीकडे जाऊन फोन लावला.

"तात्यासाहेब, रामकिसन बोलतोय. तुमच्या धाकटीला दुसरं स्थळ बघू नका. आता नक्की कळलंय, दिवाळीनंतरची तिथ धरा."