रंगाच्या डब्यातली बेअरिंगं

दोन वाजले तरी बेअरिंगची गाडी आली नव्हती, आणि स्टोअरकीपर आज जागचा हलणार नव्हता.

समोर रिकामे रॅक होते. चार महिन्यांपूर्वी नव्या मॅनेजरने अख्खं स्टोअर रिकामं करून टाकलं होतं. त्याचं म्हणणं, साठा म्हणजे नासाडी, माल लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच येणार. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची, असं स्टोअरकीपर म्हणाला, तेव्हा मॅनेजर हसला होता. ते हसणं आठवलं की अजून त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याच दिवशी त्याने दोनशे बेअरिंगं रंगाच्या जुन्या डब्यात दडवली. गाडीला उशीर झाला की पंप जोडायच्या लाइनवरची मुकादमबाई धावत यायची आणि तो मोजून न देता मूठभर जास्तच द्यायचा. चार महिन्यांत पंपांची लाइन एकदाही थांबली नाही. राबला हा, शाबासकी मॅनेजरला. वर गेल्या सोमवारी मॅनेजरने केबिनचं दार लावून त्याला सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत लाइन अशीच चालली तर स्टोअर बंद आणि तुम्ही घरी. एकदा जरी थांबली, तर स्टोअर लागतं असं मी स्वतः वर लिहून देईन. तोवर बाहेर बोलायचं नाही.

तो बोललाही नाही. बावीस वर्षं मानाने काढल्यावर आपल्याला हाकलतायत हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आज महिन्याचा शेवटचा दिवस होता.

अडीचला मुकादमबाई आली. "दादा, वीस मिनिटांपुरतीच उरलीत."

"माझ्याकडची संपली."

"डब्यात बघा ना एकदा."

"संपली म्हटलं ना, बाई."

इतक्या वर्षांत तो तिच्यावर कधी खेकसला नव्हता. तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि ती लाइनकडे वळली.

तो घड्याळाकडे बघत बसला. थांबू दे एकदाची. तोंडावर आपटल्याशिवाय या माणसाला अक्कल यायची नाही. तीन वाजले, लाइनचा खडखडाट चालूच. साडेतीन. चार. त्याने डब्याचं झाकण काढून पाहिलं. उरलेली चाळीस बेअरिंगं जिथल्या तिथे होती.

साडेचारला गाडी आली. लाइन थांबलीच नव्हती.

सुटी व्हायच्या आधी मॅनेजरने हसून हात मिळवला आणि एक पाकीट दिलं. त्याने ते न उघडताच खिशात कोंबलं.

गेटपाशी मुकादमबाई त्याचीच वाट बघत होती. दमलेली, पण खूश.

"दादा, तुमचा चेहरा बघितला आणि तशीच लाइनवर धावले. म्हटलं, लाइन थांबली तर खापर तुमच्याच डोक्यावर फुटणार." तिने आवाज खाली आणला. "तुम्ही दर वेळी मूठभर जास्त द्यायचात ना, ती मी बाजूला ठेवत होते. आज सगळी काढली. तुमच्यावर काही येऊ दिलं नाही."