पुलाखालची जागा

नव्या पुलाच्या भार-चाचणीसाठी वाळूने भरलेले ट्रक मधोमध येऊन थांबले आणि खालून सेनाद कारिचचा आवाज आला, "सात!"

काठावर टाळ्या पडल्या. नगराध्यक्षांनी कोट सारखा केला, बँडवाल्यांनी वाद्यं उचलली. काम पुरं झालं की मालकाने सगळ्यांना जेवू घालायचं ही स्लोव्हेनियातली रीत, त्यामुळे झाडाखाली सकाळपासून मेंढा सळईवर फिरत होता. एरवी डुक्कर असतं. ठेकेदार त्सिरिल ब्रेगांतने या खेपेला डुक्कर न खाणाऱ्या सेनादसाठी मुद्दाम मेंढा सांगितला होता.

"इंजिनिअरबाई, तुमच्या हिशेबात अकरा मिलिमीटर होते ना?" त्सिरिलची छाती फुगली होती. "आमचा पूल सातच झुकला! आम्ही मालात हात आखडत नाही, सांगितलं होतं की नाही?"

ब्रेदा कावचनिक हसली आणि सहीसाठी तिने पेन काढलं. पुलाचा आराखडा आणि हिशेब सेनादचा, सही मात्र ब्रेदाची. बोस्नियात त्याने उमेदीची सगळी वर्षं पूल बांधण्यात घालवली होती, पण इथे तो अजून नकाशे काढणाराच होता. एकमेकांच्या इंजिनिअरांना मान्यता द्यायची असं दोन्ही देशांचं ठरलं होतं खरं, तरी शेवटी इथल्या एका जाणत्या इंजिनिअरचा शेरा लागायचाच. तो ब्रेदाने द्यायचा होता. मान्यता देणाऱ्या इंजिनिअर परिषदेची बैठक उद्याच होती. आज पूल पास झाला की परवापासून सेनादला स्वतःच्या कामावर स्वतःची सही करता आली असती. नाहीतर पुढची बैठक थेट वसंतात.

सेनाद धापा टाकत चढण चढून वर आला. "बाई, सही करू नका."

"का रे?"

"मी अकरा म्हटलं होतं. सात आलेत."

त्सिरिल खो खो हसला. "अरे उस्ताद, डोकं ठिकाणावर आहे ना? जास्त झुकला असता तर रडायचं. कमी झुकला तर हसायचं असतं!"

"जास्त झुकला असता तरी मी हेच म्हटलं असतं," सेनाद म्हणाला. "या पुलात काहीतरी असं आहे, जे मला माहीत नाही."

ब्रेदाने त्याला बाजूला घेतलं. "सेनाद, उद्या काय आहे, आठवतंय ना? नियमाने पूल पास आहे. कमी आलेलं चालतं."

"आठवतंय, बाई. रात्री झोप नाही त्यापायी." त्याने हेल्मेट काढून कपाळ पुसलं. "पण चाचणी थांबवायचा अधिकार मला नाही. तुम्हाला आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पेन खिशात ठेवलं आणि ट्रकवाल्यांना मागे जायची खूण केली. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. त्सिरिलने आकाशाकडे बघून एक सणसणीत शिवी हासडली.

पुलाच्या टोकाखाली जेमतेम रांगता येईल एवढी जागा होती. पूल उन्हात लांबतो, थंडीत आखडतो, म्हणून तो ज्यांच्यावर सरकतो ती बेअरिंग तिथे बसवलेली होती. सेनाद पोटावर आडवा झाला. हिरव्यागार रंगावरून त्याने तळवा फिरवला, एका जागी थांबला आणि किल्लीने रंग खरवडला. आत पट्टी निघाली, पट्टीला बोल्ट. कारखान्यातून येताना बेअरिंग हलू नये म्हणून लावलेली पट्टी. बसवल्यावर ती काढायची असते. कोणी काढली नव्हती, आणि रंगाऱ्याने सगळ्यावर एकच हात फिरवला होता. दुसऱ्या टोकालाही तेच.

"दोन्हीकडून जखडलाय बिचारा," सेनाद म्हणाला. "म्हणून झुकत नव्हता. जानेवारीत आखडायला लागला असता आणि टोकाची भिंत फाडली असती."

त्सिरिलचा चेहरा उतरला. त्याने कोणाला हाक मारली नाही. कोट काढून फांदीला अडकवला, स्वतःच पाना घेतला आणि आत शिरताना ओरडला, "मेंढ्याखालचा विस्तव कमी करा रे!"

तेवढ्यात ब्रेदाचा फोन वाजला. परिषदेची चिटणीस होती.

"बाई, कारिचांचा शेरा राहिलाय. पूल पास झाला?"

"अजून नाही."

"मग वसंतात बघू या का?"

"तुम्हाला पुलाचं हवंय की माणसाचं?"

"माणसाचंच. आपल्या बरोबरीचा आहे का, एवढंच. हो किंवा नाही."

ब्रेदाने खाली पाहिलं. चिखलाने माखलेला सेनाद एकेक बोल्ट हातात घेऊन बघत होता. तिला त्या माणसाचा अभिमान वाटला.

"सात ऐकून मी पेन काढलं होतं," ती म्हणाली. "त्याने मला थांबवलं. मी त्याच्या बरोबरीची आहे का, ते मलाच बघायला हवं. तुम्ही हो लिहा."

दुपार कलली तेव्हा ट्रक पुन्हा रांगेला लागले. सेनाद पुलाखाली आपल्या जागी जाऊन उभा राहिला. ज्याचा पूल, त्याने चाचणीला पुलाखाली उभं राहायचं, अशी त्याच्याकडची पद्धत. कुठल्याच नियमात ती नाही. सकाळी ब्रेदाला त्या पद्धतीचं हसू आलं होतं.

आता ती उतारावरून सावकाश खाली आली. बूट ओल्या वाळूत रुतले.

"बाई, इथे नका थांबू. ट्रक येतायत."

"ऐकू येतंय मला. जरा सरक."

तो सरकला.

"किती येणार?" तिने विचारलं.

"अकरा."

वर पहिला ट्रक पुलावर चढला. थोडी धूळ दोघांच्या हेल्मेटवर पडली आणि दोघांनी एकदमच मान वर केली.