धक्क्यावरचे नैसर्गिक फोटो

फोटो १. मासळीबाजारासमोर.

"जवळ या. आणखी. अहो नूर्दगूलेन, बायको आहे तुमची, विजेचा खांब नाही!" तूरीद कॅमेऱ्याआडून ओरडली.

त्या धिप्पाड, पिंगट दाढीच्या माणसाने श्वास आत ओढत "या" म्हटलं. इथले पुरुष हो म्हणतात तसंच, गिळल्यासारखं. मग बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. फळी ठेवावी तसा.

बायको ठेंगणी, काळ्याभोर केसांची, बारीक डोळ्यांची. तिच्यासाठी तूरीदने एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत सांगितलं, "तू. हस. थोडं."

बायकोने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग नवऱ्याकडे. "ओके," म्हणाली आणि हसली.

तूरीदने बटण दाबलं.

इथे बेर्गेनमध्ये वीस वर्षं ती लग्नांचे फोटो काढत होती. कुणाचं टिकेल, कुणाचं नाही, हे तिला केक कापायच्या आधी कळायचं. आणि हे तर तिला लग्नच वाटत नव्हतं.

मेल बुधवारी आली होती.

"लग्नाला पाच वर्षं झाली. आम्ही फोटो काढणारी माणसं नव्हे. आता परदेशी नागरिकांचं कार्यालय म्हणतं, एकत्र राहता याचा पुरावा द्या. सोमवारपर्यंत दिला नाही, तर माझ्या जोडीदाराला देश सोडावा लागेल. बंदरावर, हॉटेलांत, नैसर्गिक वाटतील असे फोटो हवेत. वेगवेगळ्या दिवसांचे वाटले तर बरं. एच. नूर्दगूलेन."

एच. म्हणजे हेल्गे असेल. नाहीतर हाल्वर. तूरीदने विचारलं नाही.

फोटो २. स्वेटर बदलून. कोळंबीवाल्याकडे.

धक्क्याला प्रवासी जहाज लागलेलं. त्यातून उतरलेली माणसं ताटांवर तुटून पडलेली, कागदी नॅपकिन वाऱ्यावर, सीगल पक्ष्यांची घाण टेबलांच्या कडांवर. शिळ्या तळणाचा वास कपड्यांत शिरत होता.

नूर्दगूलेनने कोळंबी मुठीत चिरडली आणि सालासकट तोंडात कोंबली. मेयोनीज दाढीत. शेपटीचा एक तुकडा ओठावर चिकटून राहिला. तूरीदला लेन्समधून तो तुकडा टरबुजाएवढा दिसला.

बायको मात्र सोलत होती. पिरगाळलं, ओढलं, झालं. बघता बघता वीसेक कोळंब्या सोललेल्या, आणि सगळ्या त्याच्या ताटात.

तिकडे कुठल्यातरी कारखान्यात याच कामाला जुंपलेली असणार, तूरीदने ताडलं.

"बरंय हो तुमचं," ती त्याला आपल्या भाषेत म्हणाली. "सोलायलासुद्धा माणूस मिळालं."

श्वास आत. "या."

बायकोची बोटं थांबली. मग पुढची कोळंबी.

फोटो ३. पुसला.

त्याने पिशवीतून मेणकागदात बांधलेले पाव काढले. तपकिरी चीज लावलेले. हॉटेलच्या टेबलाखाली, मांडीवर. एक त्याने खाल्ला, एक तिने.

डबा! बंदरावरच्या टेबलाशी बसून घरचा डबा! हा चिकटपणा इथल्याच मातीतला, यात शंका नाही. बाईला चार घास विकत घालवत नाहीत, आणि म्हणे नवरा.

फोटो ४. लाकडी घरांसमोर. तिसरा स्वेटर.

"चुंबन," तूरीद म्हणाली. मग बायकोसाठी ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

दोघं अवघडली. बायको त्याच्या कानाशी काही पुटपुटली. त्याने वाकून तिच्या कपाळाला ओठ टेकवले. मेयोनीजचा डाग उमटला. तिने तो पुसलाही नाही.

"असलं कपाळाचं कार्यालयाला पटेल होय?" तूरीद म्हणाली. तिचा आवाज आता आवरत नव्हता. ही काय, आपली भाषा समजणारी थोडीच. "माझ्या भावानेही आणली होती एक. अशीच गोगलगाय. कागद हातात पडले आणि दुसऱ्या आठवड्यात पसार. तुम्ही काय वय लपवून आणलीत की पगार फुगवून?"

तो बायकोकडे बघत राहिला. बायको जहाजाकडे.

"या," तो म्हणाला.

फोटो ५.

पाचवं ठिकाण, काचांवर वाफ चढलेलं हॉटेल. माशाचं सूप, वर तुपकट साय. तूरीदने कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत दोघं नीट बसली होती, खांद्याला खांदा, चमचे वर, हसू जागच्या जागी. इतकं नीट, की मांडून ठेवल्यासारखं.

सोमवारी कुणी एक कारकून हा फोटो बघणार. शिक्का मारणार. त्या शिक्क्याखाली तिची, तूरीदची, वीस वर्षं.

तिने बटण दाबलं नाही. कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

"फोटो मिळणार नाहीत," ती नूर्दगूलेनला म्हणाली. "एकही नाही. उलट मीच कार्यालयाला फोन करते. आज काय काय नाटक केलंत ते सांगते. जिथून आणलीत तिथे परत जाऊ दे हिला. तुम्हाला लाज नाही, पण मला आहे."

त्याने श्वास आत ओढला. त्याचा हात टेबलाखाली बायकोचा हात शोधत होता.

बायकोने चमचा ठेवला. आणि सकाळपासून पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. पलीकडच्या सोत्रा बेटावरच्या कोळ्यांची, शेवटचे स्वर गिळणारी बोली. तूरीदच्या आजोळची.

"मला कुठं धाडतील, बाई? कोरियातनं आईबापांनी दत्तक आणली, तवा मी सात महिन्यांची हुते. सोत्रावरच वाढले; मेल मी लिहिलेली, आडनाव बी माझंच. परत धाडायचंय ते ह्याला, मिन्स्कला. तिथल्या सरकारच्या विरुद्ध बोललाय, विमानातनं उतरल्या उतरल्या पोलीस धरतील."