बिनदातांचा राक्षस

सहावा राक्षसही नापास झाला. 'हा चावेल असं वाटतं,' दिग्दर्शकाने लिहिलं होतं, 'मला तो घरात येईल असं वाटायला हवं.' संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर चित्रपटाचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. चित्रकार आणि दिग्दर्शक, दोघांच्या संगणकाच्या पडद्यावर एकच पान उघडं होतं. इकडे रेघ ओढली की तिकडे दिग्दर्शकाला दिसे.

चित्रकाराने पेन आपटलं. "आता काय डोंबल काढू?"

मागे ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. महिनाभर माहेरी राहून झालं होतं; पाच वाजता भाऊजी न्यायला येणार होते. ती उठून पडद्यापाशी आली आणि फिस्सकन हसली.

"अरे, हा तर लांबूनच राक्षस दिसतो. याला दार कोण उघडेल?"

"मग तूच सांग."

"आधी दात काढून टाक. नखंही. आणि एवढा ताडमाड कशाला? चारचौघांत खपून जायला हवा."

त्याने दात खोडले, नखं खोडली, उंची हातभर कमी केली. पडद्याच्या कोपऱ्यात लगेच अक्षरं उमटली: 'आत्ता कुठे! पुढे?'

चित्रकाराला हुरूप आला. "ताई, तू तर उस्ताद निघालीस! बोल, बोल."

"हसरा कर. छे, कुत्सित नको रे. पाहुण्यांसमोर हसतात तसं. भांग नीट पाड. आणि त्याला घाई नसते. आधी दाराला कडी घालतो. मग बाह्या दुमडतो. एक झाली की दुसरी, दोन्ही सारख्या."

पेन भराभर चालत होतं. इतकं नेमकं सांगणारं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं. मनगटापाशी तो अडला. "हात ओका ओका वाटतोय गं. घड्याळ घालू?"

"घड्याळ काढून ठेवलंय त्याने. टेबलावर दाखव."

त्याने टेबल काढलं, टेबलावर घड्याळ काढलं. "पण काढून कशाला ठेवेल?"

"फुटतं ना," ताई म्हणाली. "मागच्या वेळी काच गेली होती."

तिने बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडकली. ताईने पुन्हा ओढली.

कोपऱ्यात अक्षरं आली: 'अंगावर काटा आला. हाच! काम तुझं.' चित्रकाराने ती वाचली आणि पेन ठेवून ताईकडे वळून पाहिलं. महिनाभर ही घरात होती. तो तिला राक्षस दाखवत बसला होता आणि एकदाही त्याने तिला काही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बेल वाजली. "भाऊजी आले वाटतं," आतून आई म्हणाली. "दार उघड रे!"

भाऊजी दारात उभे होते, हातात आईसाठी फळांची पिशवी. त्याला बघून ते छान हसले.

चित्रकाराने चौकटीला दोन्ही हात लावले.

"काय मेहुणे," भाऊजी म्हणाले, "दार अडवून उभे? आत घेणार की नाही?"

"नाही," चित्रकार म्हणाला. त्याचे हात चौकटीवरून हलले नाहीत.